वीस खात्यांची मोळी

प्रज्ञा पगारे पुण्याहून कायमची भिंगारला परत आली, तेव्हा तिच्या आईनं, चांगुणाबाईनं, गल्लीत सांगून टाकलं की पोरीला आता घरूनच काम करायला मिळालंय. खरं म्हणजे कंपनीनं एका सकाळी पन्नासेक जणांना घरी पाठवलं होतं आणि त्यात प्रज्ञाचं नाव होतं. पण आईला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. रोज नऊच्या ठोक्याला अंघोळ उरकून, केस विंचरून ती पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून पोरगी कामात दिसायची. असे सात महिने गेले.

या सात महिन्यांत तिनं एक गोष्ट मात्र मन लावून शिकून घेतली. ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायचं काम. वडिलांनी एकदा विचारलं तेव्हा तिनं त्यांना समजावलं होतं की ही एक उघडी वही आहे, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी लिहिली जाणारी. कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात काय गेलं ते कुणीही वाचावं, पण ते खातं कोणत्या माणसाचं आहे ते तिच्यात लिहिलेलं नसतं. वडील म्हणाले, मग वाचून काय उपयोग? ती हसली होती.

करण तिच्याकडे आला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो तिच्या वर्गात होता. कोपरगावचा, घरी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, घरचा ऊस. कॉलेजात असताना तो तिच्याशी चार वर्षांत चार वेळा बोलला असेल. आता मात्र गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आला, तिच्या वडिलांच्या, जालिंदरच्या पाया पडला, चांगुणाबाईनं दिलेला चहा कपात थेंब न ठेवता प्याला. मग त्यानं काम सांगितलं. ऊसपट्ट्यातल्या लोकांसाठी तो एक डिजिटल नाणं काढणार होता. नाव ठेवलं होतं 'गोडी'. नेवासा तालुक्यातले वीस शेतकरी त्याचे पहिले सभासद. अडचण एवढीच होती की असं नाणं बाजारात उतरलं की बाहेरची टपून बसलेली यंत्रं डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वस्तातला माल उचलतात आणि खऱ्या माणसांच्या हाती महागडा उरतो. म्हणून नाणं जन्मेल त्याच क्षणी विसाच्या वीस खात्यांची खरेदी व्हायला हवी होती. वीस खरेद्या, पण एकच गाठ. एकाचंही अडलं तर सगळंच रद्द, कुणाचा पैसाही हलणार नाही.

"सगळ्यांना मिळंल, न्हाईतर कुणालाच न्हाई," करण म्हणाला. "असं करता येतं का?"

येतं, असं प्रज्ञा म्हणाली. आणि जालिंदर, जो तोवर खाली मान घालून बसला होता, त्यानं मान वर करून पोरीकडे पाहिलं.

त्याचं कारण त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जालिंदर पगारे लष्कराच्या बांधकाम खात्यात रंगारी म्हणून निवृत्त झाला होता. पण त्याआधी सहा वर्षं तो रोजंदारीवर होता, त्याच्यासारखेच आणखी अकरा जण होते. या बाराजणांनी कायम करा म्हणून अर्ज केला, तेव्हा आपसात शब्द दिला होता की घेतलं तर बाराजणांना, नाहीतर एकानंही आत जायचं नाही. साहेबानं एकेकाला वेगवेगळं बोलावलं. जागा चारच होत्या. जालिंदरची आई त्या वेळी अंथरुणाला खिळलेली होती, घरात दोन वेळचं शिजत नव्हतं. त्यानं सही केली. राहिलेल्या आठांत त्याचा जिवाचा मित्र गोरक्ष होता. गोरक्षनं भिंगार सोडलं, नेवाशाला जाऊन दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला आणि पंधरा वर्षं जालिंदरशी बोलला नाही. पुढे गोरक्षच्या मुलीच्या लग्नात जालिंदर आमंत्रण नसताना गेला, मांडवात वाढायला उभा राहिला, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं. पण जालिंदरनं पेन्शन घेतलं तरी आपली नोकरी आपली आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

हे ऐकत लहानाची मोठी झालेल्या प्रज्ञाला करणचं काम निव्वळ काम वाटलं नाही. बारा माणसांना जे शब्द देऊन जमलं नाही ते यंत्र करून दाखवत होतं. साहेबाला मधल्यामधे चौघांना फोडता येणार नाही असा हा करार होता. तिनं प्रोग्रॅमला नाव दिलं 'मोळी'.

महिनाभर ती राबली. एका गाठीत पाचच व्यवहार बसत होते. तिनं पहिला व्यवहार नाणं काढण्याचा ठेवला आणि उरलेल्या चारांत पाच-पाच खाती कोंबली. प्रत्येक खात्याची सही घ्यायची, ओळीनं बांधायचं, शेवटी ज्या कॉम्प्युटरनं ही गाठ वहीत चढवायची त्याची बक्षिसी जोडायची. कधी चार खाती बसायची आणि पाचवं बाहेर लोंबायचं. कधी एक सही चुकायची आणि सगळं फेटाळून परत यायचं. परत आलं की तिला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटायचं. एकाचं बिनसलं म्हणून वीसही थांबले, हेच तर हवं होतं.

पहिली शंका तिला सह्यांवरून आली. वीस खात्यांची सही एकाच वेळी व्हायची तर विसांच्याही गुप्त किल्ल्या एकाच कॉम्प्युटरवर हव्यात. किल्ली म्हणजे खात्याचं सर्वस्व, ज्याच्याकडे किल्ली त्याचंच खातं. तिनं करणला विचारलं की वीस शेतकऱ्यांनी आपापल्या किल्ल्या तुझ्याकडे कशा दिल्या. तो म्हणाला, त्यांना मोबाईलवर हे कुठं जमतंय, सगळं माझ्याच भरवशावर आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं किल्ल्यांची फाइल पाठवली. तिच्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. एक ते वीस आकडे होते.

दुसरी गोष्ट तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वहीत वाचली. विसाच्या वीस खात्यांत पैसे एकाच खात्यातून आले होते, एकाच सकाळी, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं. हे सांगितल्यावर करण दचकला नाही. उलट म्हणाला, बरं झालं तू पाहिलंस, हे असं दिसता कामा नये. मधे आणखी काही खाती घाल, पैसे वळणावळणानं जाऊ देत. आणि प्रत्येकाची खरेदी सारखी नको. कुणाची कमी, कुणाची जास्त, कुणाची अर्धवट आकड्याची. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की वीस वेगवेगळी माणसं आहेत.

"आहेतच ना वेगवेगळी?" प्रज्ञानं विचारलं.

"आहेत की," करण म्हणाला. "म्हणून तर तशी दिसू देत."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पुढच्या खोलीत बसून राहिली. आत चांगुणाबाई तांदूळ निवडत होती आणि खडा डोळ्याला दिसत नव्हता म्हणून बोटांनी चाचपत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनची तारीख पुढच्या सोमवारची घेतली होती, ती करणनं दिलेल्या पहिल्या पैशांच्या जोरावर आणि दुसऱ्या पैशांच्या भरवशावर. प्रज्ञानं स्वतःशी कारणं जुळवली. किल्ल्या त्याच्याकडे असतील, पण माल शेतकऱ्यांचाच असेल. पैसे त्यानं पुढे घातले असतील, मागून घेणार असेल. आपण प्रोग्रॅम लिहिणारे, आपलं काम गाठ पक्की बांधायचं. त्याच दुपारी तिनं वळणाची खाती घातली, आकडे वाकडेतिकडे केले. मग करणनं सांगितलं म्हणून विक्रीचीही मोळी लिहून दिली, सभासदांना कधी एकदम बाहेर पडायचं झालं तर असावी म्हणून. पुढे ज्याला-त्याला तिनं एकच सांगितलं, मला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. मला त्या दुपारी ठाऊक झालं होतं.

गोडीचा सोहळा नेवाशात एका मंगल कार्यालयात झाला, रविवारी सकाळी. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे राहिले. करणनं प्रज्ञाला व्यासपीठावर बसवलं आणि आपल्या नगर जिल्ह्याची लेक, भिंगारची इंजिनिअर म्हणून शाल-श्रीफळ दिलं. पहिल्या रांगेत जालिंदर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. चांगुणाबाईच्या एका डोळ्याला अजून हिरवी पट्टी होती. प्रज्ञानं बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर एकाखाली एक वीस खरेद्या उमटल्या, कमी-जास्त, वाकड्यातिकड्या आकड्यांच्या. करण माईकवर म्हणाला, "बघा, नाणं जन्मलं नाही तोवर वीस जणांनी उचललंसुद्धा. जगातून कुठून-कुठून घेतलंय बघा." वीस शेतकरी सभासद, हे त्यानं म्हटलंच नाही. प्रज्ञाच्या हातात नारळ होता. माईक तिच्यापासून दोन हातांवर होता.

कार्यक्रम संपल्यावर गोरक्ष तिला शोधत आला. साठी ओलांडलेला, नखांच्या कडांत रंग बसलेला. नेवासा फाट्यावरची दोन गुंठे जागा त्यानं नुकतीच विकली होती. तिथं रंगाचं दुकान टाकायचं वीस वर्षं त्याच्या मनात होतं, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकली. त्यातला मोठा भाग तो गोडीत घालणार होता. तो म्हणाला की मला यातलं ओ का ठो कळत न्हाई, पण जालिंदरची पोरगी वर बसलीय म्हणल्यावर मी उठून गेलो न्हाई. प्रज्ञानं त्याला हळूच सांगून पाहिलं की काका, सगळे नका घालू. तो हसला आणि म्हणाला, तू न्हाई म्हनत न्हाईस ना? ती 'नाही' म्हणाली. कुणाच्या 'नाही'ला हे 'नाही' होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

तीन आठवडे भाव चढत गेला. नेवाशात, कोपरगावात, राहुरीत लोक चहाच्या टपरीवर मोबाईल एकमेकांना दाखवत होते. मग एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी, विसाच्या वीस खात्यांनी आपला सगळा माल एकाच क्षणी विकला. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. प्रज्ञा जेवून लॅपटॉपसमोर बसत होती. पडद्यावरची रेघ खाली आली ती तिरकी नव्हे, उभीच. बाकीच्यांना विकायचं सुचेपर्यंत विकत घेणारं कुणी उरलं नव्हतं.

तिनं करणला फोन केला. तो लगेच उचलेल असं तिला वाटलं नव्हतं, पण त्यानं उचलला. आवाज शांत होता. बाजार आहे, वर जातो, खाली येतो, असं म्हणाला. लोकांनी आपल्या मोबाईलवरून, आपल्या अंगठ्यानं घेतलंय, मी कुणाच्या खिशात हात घातला नाही, असंही म्हणाला. ती म्हणाली की तू सगळ्यांना किंवा कुणालाच नाही असं म्हणाला होतास.

"तसंच झालं की," करण म्हणाला. "तू मोळी लई पक्की बांधलीस. माझं एकही खातं मागं राहिलं न्हाई."

संध्याकाळी तिनं वडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं. वहीतल्या नोंदी काढल्या, एका कागदावर वीस खाती आणि त्यांना पैसे पुरवणारं एक खातं अशा रेघा मारून दाखवल्या. जालिंदरनं कागद उलटसुलट पाहिला. त्यानं एकच विचारलं, "तुला हे आधी ठाऊक हुतं?"

ती हो म्हणाली. चांगुणाबाई दारात उभी होती. आपला बरा झालेला डोळा तिनं पदरानं पुसला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीनं नेवाशाला गेले. गोरक्षच्या घरी त्याची बायको राहीबाई होती, तिनं पाणी दिलं. गोरक्ष ओट्यावर बसला होता. प्रज्ञानं उभ्या-उभ्या सांगितलं, काही न लपवता. गोरक्षनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो तिच्याशी बोलला, जालिंदरकडे न बघता.

"तुझ्या बापानं सही केली तवा त्याच्या घरात चूल पेटत नव्हती. मी पंधरा वर्सं राग धरला, पन मनात समजून हुतो. तुला काय कमी हुतं गं?"

आईच्या डोळ्यांचं ती बोलली नाही. बोलावंसं वाटलं, पण ते तोंडातून काढलं तर आईलाही यात ओढल्यासारखं झालं असतं. जालिंदर तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्या भिंतीवर गोरक्षनं स्वतःच्या हातानं काढलेली वेल होती.

पुढचे दोन महिने प्रज्ञानं धावाधाव केली. अकरा माणसं तक्रार द्यायला तयार झाली, त्यांत गोरक्षही होता. तिनं सगळा प्रकार साध्या मराठीत चौदा पानांवर लिहून काढला. खाती कशी बनवली, पैसे कुठून कुठे वळवले, गाठ कशी बांधली आणि त्यातलं तिनं स्वतः काय-काय केलं. पोलिसांकडे जबाब दिला. लिहून घेणारा माणूस सभ्य होता, पण प्रत्येक पानाला थांबून तोच प्रश्न विचारायचा की हे खातं आरोपीचं आहे हे कशावरून. आणि मग, हा प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय ना, याखाली सही करा. चौदा पानांत करणविरुद्ध जेवढं होतं त्याहून जास्त तिच्याविरुद्ध होतं, हे सही करताना तिच्या ध्यानात आलं. तरी तिनं केली.

आणि मग करणनं दुसरी सभा जाहीर केली. तेच गाव, तेच कार्यालय. गोडीत ज्यांचं नुकसान झालं त्यांना नव्या नाण्यात भरपाई मिळणार होती. एका गोडीला दोन नवी नाणी, अट एवढीच की थोडी नवी रक्कम घालायची आणि तक्रार केली असेल तर मागे घ्यायची. अकरापैकी नऊ जणांनी चार दिवसांत तक्रार मागे घेतली. मागे घेणारा दहावा गोरक्ष होता. अकराव्याचा फोन लागेना.

सभेच्या दिवशी प्रज्ञा कार्यालयाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. हातात चौदा पानांच्या झेरॉक्स. येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून सांगत होती की मी आधीचं लिहिलंय, हेही तसंच आहे, वीस माणसं दिसतील पण माणूस एकच आहे. काहींनी कागद घेतला आणि खिशात घातला. काहींनी घेतला नाही. एक पंचविशीतला माणूस थांबला, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "वाटा मिळाला न्हाई म्हणून ओरडती काय? गेल्या वेळी तर शाल घेऊन बसली हुतीस." त्याच्याबरोबरचे हसले. आत माईक सुरू झाला. गर्दी पहिल्या वेळेपेक्षा जास्त होती.

गोरक्ष आला तेव्हा ती वाटेतून बाजूला झाली. तो तिच्या जवळून जाताना क्षणभर थांबला, खालच्या आवाजात म्हणाला की मला बुडल्यालं काडायला दुसरी वाट न्हाई, तुझ्याकडं हाय का? तिच्याकडे नव्हती. तो आत गेला.

नवं नाणं अकरा दिवस टिकलं. या वेळी खाती चाळीस होती. प्रज्ञानं वही उघडून पाहिलं. बांधणी तिचीच होती, फक्त दुप्पट केलेली. कुणी केली ते तिला कळलं नाही. बरी केली होती.

आता ती नगरला सावेडीत एका औषधांच्या घाऊक दुकानात बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळते. रोज रिक्षानं जाते, सातला परत येते. तिच्या जबाबावर पुढे काय झालं ते विचारायला ती दोनदा गेली. दुसऱ्या वेळी तिला सांगण्यात आलं की फिर्यादीच उरले नाहीत, पण तुमचा पत्ता बदलला तर कळवत जा. करण कोपरगावातच असतो. त्याच्या दुकानाची नवी पाटी रंगवायचं काम निघालं तेव्हा त्यानं गोरक्षला बोलावून घेतलं, आणि गोरक्ष गेला. हे जालिंदरला कळलं त्या दिवशी तो जेवला नाही.

परवा दुकानात असताना प्रज्ञाला राहीबाईचा फोन आला. तिनं आधी आईच्या डोळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाली, ह्यांचा मोबाईल माझ्याकडं असतो, मी रोज बघते, ती रेघ हाय तशी आडवीच हाय, आता वर कदी येईल?

"काकू, ती वर येणार न्हाई."

पलीकडे राहीबाईच्या मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तसं नको म्हनू," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हनलंय, पाडव्यापातूर थांबा."